खाणीचे पाणी

दिवाळीच्या आदल्या रविवारी आमच्या सौभाग्यवतींनी घर झाडायला काढले आणि घरातील निरुपयोगी वस्तूंत पहिली गणना माझी झाली. तेव्हा नववीतल्या कन्येला घेऊन मी मुकाट्याने बावधनच्या टेकडीकडे निघालो.

चांदणी चौकातून उतरले की हे गाव लागते. मुळचे मुळशी तालुक्यातले. 2021 साली बावधन बुद्रुकही पुणे महापालिकेत आले. रामनदीकाठची शेते सरली, इमारती उठल्या. मात्र टेकडीच्या कुशीत एक जुनी दगडखाण अजून आहे. घरांना खडी पुरवता पुरवता ती रिकामी झाली आणि पावसाने तिचे तळे केले. चहूबाजूंनी ताशीव काळे कडे आणि मध्ये हिरवेगार, निश्चल पाणी!

"बाबा, हे पाणी ॲसिडचं असेल का?" कन्येने विचारले.

अशा वेळी मराठीच्या प्राध्यापकाने खोकावे हे बरे. मी खोकलो. मग तिनेच मला शिकवले. अमेरिकेत माँटाना राज्यात ब्यूट गावी तांब्याची एक प्रचंड उघडी खाण होती. 1982 साली तिथले पंप थांबवले आणि खाणीत पाणी चढू लागले. तिच्या दगडात माक्षिक होते, म्हणजे लोह आणि गंधक यांचे सोन्यासारखे चकाकणारे खनिज. जमिनीच्या पोटात ते निमूट असते. पण खणून उघडे पडले, त्याला हवा-पाणी लागले, की त्याचे गंधकाम्ल होते. सूक्ष्म जंतू या कामाला आणखी वेग देतात. ते आम्ल दगडातले तांबे, जस्तही विरघळवते. 1995 साली त्या तळ्यावर उतरलेले 342 हिमहंस मेले!

"मग ते तळं कायमचं विषारी?"

"नाही. पाणी चढून कडे बुडाले की त्यांना हवा मिळत नाही, नवं आम्ल कमी होतं. चुना घातला की आंबटपणा मरतो, लोह गाळ होऊन तळाशी बसतं." ब्यूटला 2019 पासून पाणी उपसून, शुद्ध करून सोडतात म्हणे. जर्मनीत लुसाशिया भागातल्या जुन्या कोळसाखाणींच्या तळ्यांत तर बोटींतून चुना पसरतात.

मी गप्प झालो होतो. लहानपणी आमच्या गावाबाहेर अशीच एक खाण होती. मे महिन्यात माझा एक मित्र तिच्यात पोहायला उतरला, तो परत आला नाही. "खाणीचं पाणीच वाईट," असे वडीलधारी माणसे म्हणाली आणि मीही पस्तीस वर्षे तेच मानत आलो.

ट्रकच्या जुन्या उतारावरून मी जपून बाटलीभर पाणी घेतले. घरी देवपूजेची दोन जास्वंदीची फुले कन्येने कोमट पाण्यात कुस्करली. (यावरून पुढे काय झाले ते सुज्ञ वाचकांना सांगणे नलगे.) त्या रंगात लिंबू पिळताच तो लालभडक झाला, खाणीचे पाणी घातले, तर तसा झाला नाही. आंबट नव्हते ते! आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. या काळ्या दगडात माक्षिक नगण्य. उलट त्यातली चुन्या-मॅग्नेशियमची खनिजे आम्ल मारणारी.

"मग तुमच्या मित्राला काय झालं?" तिने हळूच विचारले. वाटेत मी तिला सांगितले होते.

आता उत्तर सुचले. नदीला उथळ काठ असतो, खाणीला नसतो. एक पाऊल, की खोल. उन्हाळ्यात वरचे पाणी कोमट आणि पुरुषभर खाली एकदम गारठा, कारण एवढ्या खोल, अरुंद तळ्यात वरचे-खालचे पाणी सहजी मिसळत नाही. कडा उभा, धरायला जागा नाही. पाणी निर्दोष होते. दोष होता तो खणून झाल्यावर खाण तशीच उघडी टाकून जाणाऱ्यांचा. कुंपण नाही, पाटी नाही.

बावधनच्या खाणीलाही कुंपण नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी महापालिकेच्या नावे अर्ज लिहायला बसलो. शुद्धलेखन कन्येने तपासले.