दिलेले नाव

हिंगोलीजवळच नर्सी नामदेव आहे. गावाच्या नावात संत आणि संताच्या नावात नाम! त्यामुळेच की काय, नाव देण्याच्या कामाविषयी आम्हांला आदर वाटत आला आहे.

यूएसबीला जोडलेले उपकरण स्वतःची ओळख सांगते. आयटूसीच्या दोन तारांवर बसलेला साधा तापमान-सेन्सर मात्र आपण कोण, हे आपणहून सांगत नाही. त्याचे नाव, पत्ता, त्याच्या तारा कुणीतरी लिहून ठेवाव्या लागतात. लिनक्समध्ये एआरएम बोर्डांसाठी ही वही २०११ नंतर ‘डिव्हाइस ट्री’ या रूपाने रुजली.

अशाच एका नोंदीत आम्ही रीसेटच्या तारेचा गुणधर्म लिहिला. पण तार शून्यावर असताना सेन्सर झोपतो की जागतो, हे लिहायचे राहिले. कुणीतरी ते उलटे धरले आणि त्यांचा सेन्सर मुकाच राहिला. चूक आमची होती. तरी अर्थ बदलता येईना; कारण जुन्या नोंदींवर चालणारी उपकरणे नव्या कर्नलवरही चालली पाहिजेत, असा तिथला दंडक आहे. आम्ही फक्त खुलाशाची एक ओळ जोडली.

ड्रायव्हर उद्या कुणी नव्याने लिहील. दिलेले नाव मात्र परत घेता येत नाही.