नावाने मुंबईची, राहायला मालाडला

बॉम्बे टॉकीज ही चित्रपटसंस्था नावाने मुंबईची, पण आयुष्य काढलं मालाडला. आणि मालाड तेव्हा मुंबईत नव्हतंच. महापालिकेच्या हद्दीत ते आलं १९५७ साली. तोवर या बाईने संसार आवरलाही होता. हिमांशू राय आणि देविका राणी यांनी १९३४ साली तिला उभं केलं. बोलायची हिंदीत, बघायची जर्मन डोळ्यांनी. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, कॅमेऱ्यामागे जोसेफ वीर्शिंग, नेपथ्याला कार्ल फॉन श्प्रेती. ऑस्टेनला हिंदी येत नसे. म्हणूनही असेल, पण तिचा सगळा जीव चेहऱ्यांवर.

एवढी जर्मन माणसं आणि जवळच बंदराचं शहर. तरी तिचं नाव झालं ते एका खेड्यामुळे. ‘अछूत कन्या’त (१९३६) गोदी नाही, जहाज नाही. आहे ते रेल्वेचं फाटक, फाटकवाल्याची पोर कस्तुरी आणि तिच्यावर जीव लावणारा ब्राह्मणाचा प्रताप. कस्तुरी झालेल्या देविका राणीच्या भुवया कोरलेल्या, आणि ते खटकतंच. पण वीर्शिंगचा मऊ प्रकाश तिच्या गालावर पडला की भुवया विसरायला होतात. शेवटी ती धावत्या गाडीला आडवी जाते, तेव्हा गाव खरं की नेपथ्य, हा प्रश्न उरत नाही.

मालाडला खेडं उभं राहिलं, तसंच जर्मनांनी स्वतःचं बंदरही पुढे नेपथ्यातून उभं केलं. दिग्दर्शक कॉयट्नरच्या ‘ग्रोसे फ्रायहाइट नंबर ७’मधलं (१९४४) हॅम्बुर्ग, बॉम्बहल्ल्यांमुळे, बरंचसं प्रागच्या स्टुडिओत घडलं. प्रागला समुद्र नाही.

१९३९ साली युद्ध पेटलं आणि इंग्रज सरकारने मालाडचे जर्मन स्थानबद्ध केले. ऑस्टेन मायदेशी परतला. तो नाझी पक्षाचा सभासद होता, हेही सांगायला हवं. श्प्रेती पुढे पश्चिम जर्मनीचा राजदूत झाला. १९७० साली ग्वाटेमालात त्याला पळवून नेऊन मारलं. वीर्शिंग मात्र सुटून बॉम्बे टॉकीजकडेच आला. तिच्यासाठी ‘महल’ (१९४९) त्याने टिपला, नंतर ‘पाकीजा’वर काम केलं आणि १९६७ साली तो मुंबईतच वारला.

तिच्या जागेवर पुढे छोट्या कारखान्यांचे गाळे आले. बॉम्बे टॉकीज कंपाऊंड हे नाव तेवढं टिकलं. मुंबईच्या सिनेमाचा इतिहास सांगणाऱ्यांनी दादर-गिरगावच्या जोडीला मालाडचंही नाव घ्यावं, आणि तिथे निदान एक पाटी लावावी.