वेल्सचा पेशवा आणि कुडपणची वाट

महाडच्या लॉजवरची गादी दमट होती, पंखा रात्रभर खडखडत होता आणि गरम पाणी सकाळी सहा ते सातच. झोप येईना म्हणून प्रवाशानं बॅगेतून चित्राची छापील प्रत काढली. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारानं १७९२ मध्ये पुण्यात रंगवलेले सवाई माधवराव पेशवे. मूळ तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. पेशवा गादीवर, शेजारी कारभारी नाना फडणवीस, मागं सेवक. "पोराला कुणीतरी बसवून ठेवलंय," असं एक मित्र हे चित्र बघून सहज बोलून गेला होता. तेवढ्यावरून ही स्वारी निघाली.

चित्रातला पेशवा अठराचा. पण मित्राचं बोलणं अगदीच वावगं नव्हतं. वडील नारायणरावांचा खून ऑगस्ट १७७३ मधला. माधवराव जन्मले १८ एप्रिल १७७४ ला, पुरंदरावर. चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. तीन वर्षांचे असताना आई गंगाबाई गेल्या. १७८३ मध्ये, नवव्या वर्षी, थाटामाटात लग्न. राज्य चालवायला नाना होतेच. वेल्सनं मोत्यांवर, शुभ्र वस्त्रांवर जीव ओतलाय खरा, पण नजर पेशव्यावरून सरकते आणि नानांच्या किडकिडीत, सावध चेहऱ्यावर अडकते. चित्र पेशव्याचं, अंमल नानांचा.

मग महाड कशासाठी? पेशवा १७९५ च्या ऑक्टोबरात शनिवारवाड्यात पडून वारला. वारसाच्या भांडणात नानांना पुणं सोडावं लागलं. वाईहून त्यांनी प्रतापगडावर शिबंदी भरली, रायगडाच्या बंदोबस्ताचे हुकूम सोडले आणि स्वतः महाडला येऊन फौज जमवली. १७९६ मधला महाडचा तह याच मुक्कामातला. एका पोरक्या मुलाच्या नावानं वीस वर्षं दौलत हाकणारा माणूस सावित्रीच्या काठी पुढच्या पेशव्याचा सौदा करत होता. आजच्या महाडात त्याची खूण शोधणाऱ्याला ट्रकची रांग आणि वडापाव तेवढा सापडतो.

चवदार तळ्याला हात जोडून, रायगडाची वाट सोडून गाडी पोलादपूरकडे निघाली. प्रवाशाला प्रतापगडाखालचा, नानांच्या काळात घाटवाटांनी भरलेला डोंगर बघायचा होता, म्हणून कुडपण. गावाची ओळख दोन गोष्टींची: सिंहगडावर तानाजीमागं लढलेले शेलारमामा इथले, असं गावकरी अभिमानानं सांगतात, आणि पावसाळ्यात कोसळणारा भीमाची काठी धबधबा. बरोबरच्या हौशी वाटाड्याला दोन्हींत रस नव्हता. त्याला फोटोची जागा तेवढी ठाऊक होती. धबधबा पाच मिनिटांत उरकला.

चढणीवर धुकं दाटलं, पुढचं काही दिसेना, आणि पेशव्याच्या मृत्यूचा जुनाच वाद डोक्यात सुरू झाला. ग्रँट डफनं १८२६ च्या इतिहासात लिहून ठेवलंय की नानांच्या जाचाला कंटाळून पेशव्यानं स्वतःला झोकून दिलं. गो. स. सरदेसाई ते मानत नाहीत. तापाच्या भ्रमात तोल गेला, असं त्यांचं म्हणणं. प्रवाशाचा कल सरदेसाईंकडे. डफ साताऱ्याचा रेसिडेंट, पेशवाई बुडाल्यावर लिहिणारा; त्याला नाट्य हवं असणार. पण आत्महत्या नाकारली म्हणून नाना सुटत नाहीत. एकवीस वर्षांच्या धन्याला कारभार शिकू न देणं हा गुन्हा त्यांच्या खात्यावर राहतोच. वेल्सच्या चित्राची साक्ष इथं उपयोगी पडते. वेल्स स्वतः पेशव्यामागोमाग, नोव्हेंबर १७९५ मध्ये वारला, नाहीतर त्यालाच विचारलं असतं.

पाऊस वाढला तसा मुक्काम एका चहाच्या टपरीत पडला. चहा करणाऱ्या आजींनी चित्र हातात घेतलं, पदरानं कोपरा पुसला, बराच वेळ बघितलं.

"ह्यो म्हातारा बाप का?"

"नाही आजी, कारभारी."

"आन् पोराची आई?"

"ती लहानपणीच गेली."

"मग बायको?"

बायकोचं उत्तर द्यायला थोडा वेळ लागला. नवऱ्याच्या मृत्यूनंतर यशोदाबाईंच्या मांडीवर दुसऱ्या बाजीरावाचा धाकटा भाऊ चिमाजी दत्तक दिला गेला आणि त्याला पेशवाई मिळाली. महाडच्या मसलतीनंतर ती गेली; डिसेंबर १७९६ मध्ये बाजीराव गादीवर बसला. यशोदाबाईंना मात्र पुढं रायगडावर डांबून ठेवण्यात आलं. आजींनी चित्र परत केलं आणि साखर जास्त झाली का, ते विचारलं.

शेलारमामांची समाधी बघायची राहिली, प्रतापगड ढगातून बाहेर आलाच नाही. उरलेला दिवस टपरीतच गेला, आणि त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही.

रायगड दाखवणाऱ्या वाटाड्यांनी शिवरायांच्या सिंहासनाची जागा दाखवून झाल्यावर दोन मिनिटं यशोदाबाईंसाठी काढावीत. गडावरच्या कैदेनंतर त्या १८११ मध्ये पनवेलला वारल्या.