दुधाची वेळ

आमच्या गोंदिया जिल्ह्यात वाघ आहे, अस्वल आहे, तळ्याकाठी सारसांच्या जोड्या आहेत. चिंपांझी मात्र नाही. तो भारतातल्या कोणत्याच रानात नाही. ईशान्येकडचा हुलॉक गिबन सोडला, तर बिनशेपटीचा वानर म्हणून आपल्या देशात एकच प्राणी उरतो, आणि तो दिवाळी अंक वाचतो. तेव्हा खेड्यातल्या एका मास्तराने चिंपांझींच्या अनाथालयाविषयी लिहावे, हे वाचकांना थोडे अगोचरपणाचे वाटेल. माझा नाइलाज आहे. या विषयाकडे मी आपण होऊन गेलो नाही. तोच एका दुपारी शाळेच्या दारात येऊन उभा राहिला.

मधल्या सुट्टीनंतर सहावीतला एक मुलगा उशिरा आला. दोन्ही हात पोटाशी घट्ट धरलेले, चेहरा उतरलेला. म्हणाला, ‘‘गुरुजी, मायले करंट लागला जी. हे तिले सोडतच नव्हतं.’’

माझ्या पोटात गोळाच आला. मग त्याने सदऱ्याच्या दोन गुंड्या काढल्या, आणि आतून एक फिकट गुलाबी, सुरकुतलेले, म्हाताऱ्याचे असावे तसे तोंड बाहेर डोकावले. वानराचे पिल्लू होते. आमच्याकडे काळ्या तोंडाचा तो वानर आणि लाल तोंडाचे ते माकड. वानराचे तोंड आणि केस जन्मतः मात्र उलट असतात : तोंड गोरे, केस काळपट. विजेच्या तारेवर आई गेली होती आणि पिल्लाच्या एका तळव्याला भाजले होते.

वन्य प्राणी घरात ठेवता येत नाही. १९७२ चा कायदाच तसा आहे. मी लगेच वनखात्याला कळवले. वनरक्षक दुसऱ्या दिवशी सकाळी गुरांच्या डॉक्टरांना घेऊन येणार होते. तोवर त्याला ऊब द्या, अशी सूचना मिळाली. सूचना चार शब्दांची होती. तिचा अर्थ समजायला रात्र लागली.

दूध पाजायचे म्हणजे काय, हे मला वाटत होते की मला ठाऊक आहे. घरात दोन मुले वाढली आहेत. पण माणसाचे मूल आडवे घेऊन पाजतात. या पिल्लाला तसे पाजले तर दूध फुफ्फुसात जाते. त्याला उभे धरून, पोट कशाला तरी टेकवून, थेंबाथेंबाने द्यायचे. कोमट हवे, गार दिले तर पचत नाही. दर दोन तासांनी हवे. आणि पाजून भागत नाही. इतके लहान पिल्लू आपण होऊन मोकळे होत नाही. आई चाटते तेव्हा होते. म्हणून कोमट पाण्यात भिजवलेला कापूस घेऊन पुसत बसायचे. हे सगळे डॉक्टरांनी मला दूरध्वनीवरून सांगितले, आणि सांगताना त्यांच्या आवाजात किंचित हसू होते.

टोपली त्याने नाकारली. गोधडी नाकारली. शेवटी आमच्या आईने त्याला जुन्या लुगड्याच्या पदरात घेतले, तेव्हा चारही पंजांनी त्याने जे धरले ते सोडले नाही. आई रात्रभर भिंतीला टेकून बसली. मी म्हटले, ‘‘झोप थोडी.’’ तर म्हणाली, ‘‘झोपलो तं ह्याले वाटंल, हे पन मेली.’’

अमेरिकेत हॅरी हार्लो नावाच्या शास्त्रज्ञाने माकडांच्या पिल्लांना दोन खोट्या आया दिल्या होत्या : एक तारेची, तिच्यापाशी दुधाची बाटली, दुसरी नुसत्या मऊ कापडाची. पिल्ले दुधापुरती तारेकडे जात आणि उरलेला सारा वेळ कापडाला बिलगून राहत. त्याने ते १९५८ साली प्रसिद्ध केले आणि मानसशास्त्रात मोठी खळबळ उडाली. आमच्या आईने हार्लोचे नाव ऐकलेले नाही. त्या पिल्लांना आयांपासून तोडूनच तो प्रयोग झाला होता, हे मी तिला सांगितलेही नाही.

वनरक्षक आले, डॉक्टरांनी तळव्याला मलम लावले, आणि आता काय याची चर्चा ओसरीवर सुरू झाली. वनरक्षक अनुभवी होते. ते म्हणाले, टोळी अजून गावातच आहे, तिथेच देऊन पाहू. वानरांच्या टोळीत एकीचे पिल्लू दुसरीच्या कडेवर असणे नेहमीचे. मावशा त्यांच्यात मुबलक. धोका एकच, नराचा. टोळीवर नवा हुप्प्या आला असला तर तो आधीची पिल्ले मारतो. जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी ही गोष्ट १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इथेच, आपल्या सीमेपलीकडच्या धारवाडच्या रानात नोंदवली, तेव्हा पुष्कळांचा विश्वास बसला नव्हता. आमच्या टोळीचा हुप्प्या जुनाच होता. गावातल्या प्रत्येक कौलावर त्याच्या उड्यांची खूण आहे, त्यामुळे ओळख पटायला अडचण पडली नाही.

आणखी एक दिवस, आणखी एक रात्र दूध झाले. तिसऱ्या दिवशी पहाटे शाळेमागच्या चिंचेखाली, भिंतीवर, लुगड्याच्या तुकड्यासह पिल्लू ठेवले आणि आम्ही वर्गाच्या खिडकीआड उभे राहिलो. पिल्लू ओरडू लागले. टोळी शेंड्यावर गप्प. पाऊण तास गेला. मी तीनदा बाहेर पडायला निघालो आणि वनरक्षकांनी तीनदा मनगट धरले. मग एक मादी उतरली, भिंतीवर बसली, इकडेतिकडे पाहिले, जणू भाजीच घ्यायला आली आहे. आणि पिल्लू पोटाशी लावून वर गेली. लुगड्याचा तुकडा बराच वेळ फांदीवर लोंबत होता.

त्या टोळीत अंगावर पिणारी मादी होती का, त्याला दूध मिळाले का, हा प्रश्न आमच्या घरात अजून अधूनमधून निघतो. आईला तो विचारायला आवडत नाही.

आमची सुटका दोन रात्रींत झाली. पण ज्या पिल्लाला परत जायला टोळीच उरलेली नाही, त्याचे काय? त्याचे उत्तर पाहायला आम्हा पूर्व विदर्भाच्या लोकांना फार दूर जावे लागत नाही. वडसा, आरमोरी, गडचिरोली, आष्टी, आलापल्ली, आणि पुढे भामरागडच्या रस्त्याला हेमलकसा. बाबा आमटे यांनी १९७३ साली तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तिथे संसार मांडला. प्राण्यांच्या अनाथालयाची सुरुवात एका माकडाच्या पिल्लाने झाली. शिकार करून परतणाऱ्या माडिया गोंडांच्या खांद्यावर बांबूला बांधलेली मेलेली माकडीण, आणि तिच्या अंगाला लुचणारे जिवंत पिल्लू, हे दृश्य प्रकाश आमट्यांनी अनेकदा सांगितले आहे. ती शिकार हौसेची नव्हती, पोटाची होती. पिल्लूही खाण्यासाठीच होते. अशा वेळी भूतदयेवर व्याख्यान देणे स्वस्त असते. आमट्यांनी धान्य पुढे केले : पिल्लू आम्हाला द्या, तांदूळ तुम्ही घ्या.

हा व्यवहार मला फार मोठा वाटतो, पण त्याची दुसरी बाजूही आहे. तांदूळ एकदा द्यायचा असतो. पिल्लाला रोज द्यावे लागते. माकडापाठोपाठ अस्वले आली, हरणे आली, बिबट्याचे बछडे आले. बछडा काही महिने दूध पितो, आणि नंतर वर्षानुवर्षे मांस मागतो. माणसाच्या हातून वाढलेला बिबट्या रानात सोडता येत नाही, कारण त्याला माणसाचे भय उरलेले नसते. तो सरळ पहिल्या गावाकडे येईल. विलास मनोहर यांचे ‘नेगल’ ज्यांनी वाचले आहे, त्यांना अशा बिबट्याचा लळा ठाऊक आहे. त्या लळ्यामागे रोजचा किती किलोंचा हिशेब असतो, तो पुस्तकातही डोळ्यांआड जातो. आणि पर्लकोटेला पूर येऊन पावसाळ्यात ज्या भागाचा संपर्क तुटत आला, तिथे हा हिशेब जुळवायचा! भोवतालची माणसे अर्धपोटी असताना जनावरांना मांस का, असेही कोणी विचारील. विचारणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की त्याच आवारात दवाखाना आहे, शाळा आहे, आणि ती पिल्ले त्याच भुकेतून आली आहेत.

शाळेची सहल आम्ही तिथे नेली होती. मुले अस्वलापाशी खिळली. मी धुऊन उपड्या घातलेल्या बादल्या मोजत होतो. आमच्या घरी एकच वाटी होती, आणि तिने दोन दिवस आम्हाला पुरते नाचवले होते.

आता आफ्रिकेकडे वळतो. कारण या कामाचे सर्वांत लांबलेले रूप तिथे आहे. चिंपांझीचे पिल्लू चार-पाच वर्षे आईच्या दुधावर असते. ते जिवंत पकडायचे तर आईला मारावे लागते, आणि मध्ये पडणाऱ्या इतरांनाही. मोठ्यांचे मांस बाजारात जाते, पिल्लू कोणा श्रीमंताच्या घरी. कायद्याने ते जप्त झाले की त्याला ठेवायचे कुठे? परक्या टोळीत सोडावे, तर तिथले नर त्याचा जीव घेतील. आमच्या चिंचेसारखी सोय तिथे नाही. झांबियात डेव्ह आणि शीला सिडल हे गुरे पाळणारे जोडपे होते. १९८३ साली एका वनाधिकाऱ्याने त्यांच्याकडे एक जखमी पिल्लू आणून टाकले. त्यातून चिम्फुन्शीचे मोठे आश्रयस्थान उभे राहिले. युगांडात व्हिक्टोरिया सरोवरातल्या न्गांबा बेटावर १९९८ पासून असेच आश्रयस्थान आहे. बेट सुमारे शंभर एकरांचे. आपल्याला ते पुष्कळ वाटते, पण रानातली एक टोळी कित्येक चौरस मैल फिरते. त्या शंभर एकरांवर पन्नासेक चिंपांझींचे पोट भरत नाही. म्हणून फळे, भाज्या, लापशी रोज माणसांनी द्यायची. सगळे सामान होडीतून.

पाहुण्यांना दिसते ते मचाणावरून कुंपणापलीकडे फेकले जाणारे फळ, आणि ते अचूक झेलणारा काळा हात. त्याआधी पहाटे पिंजरे घासून धुतलेले असतात. रात्रीची विष्ठा कोणाची कशी आहे ते पाहून टिपलेले असते, कारण चिंपांझी पोटदुखी सांगत नाही, लपवतो. सांभाळणाऱ्याला साधे पडसे असले तरी त्याला आत जाऊ देत नाहीत. आपली सर्दी त्यांच्या छातीत उतरून जीव घेऊ शकते. नवे पिल्लू आले की कित्येक आठवडे वेगळे, मग जाळीआडून एकाची ओळख, मग दुसऱ्याची. नव्या सुनेचेही इतके सावकाश होत नाही. संध्याकाळी त्यांना आत घेऊन मोजायचे. झोपायला टांगलेल्या झोळ्या असतात.

आणि कुलपे. दोन दारे असतील तर एक लागल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही, हा नियम. चिंपांझी किल्लीकडे पाहतो, किल्ली फिरवणाऱ्या मनगटाकडेही पाहतो. सिएरा लिओनमध्ये मूळचे श्रीलंकेचे हिशेबनीस बाला अमरसेकरन यांनी १९८८ साली एक आजारी पिल्लू विकत घेतले, त्याचे नाव ब्रूनो ठेवले, आणि त्यातूनच १९९५ साली टाकुगामा हे आश्रयस्थान सुरू झाले. २००६ साली तिथले एकतीस चिंपांझी बाहेर पडले, आणि एका मोटारचालकाचा जीव गेला. त्या एकतिसांत ब्रूनोही होता. पुष्कळसे परत आले. ब्रूनो आला नाही. ज्याला घरात बाळासारखे वाढवले, तो असा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र उरलेल्यांसाठी फळे चिरावीच लागली असणार.

एक गोष्ट मला पहिल्यांदा वाचताना खटकली. या ठिकाणी माद्यांना संततिनियमनाची औषधे देतात. जागा आणि पैसा मोजका. एक जन्म झाला तर उद्या जप्त होऊन येणाऱ्या एका पोरक्याची जागा जाते. ज्या घरात सगळी मुलेच सांभाळली जातात, तिथे पाळणा हलू द्यायचा नाही. हा निर्णय घेणाऱ्यांची मने कठोर आहेत असे मला आता वाटत नाही.

टाकुगामाने २०२५ साली भोवतालच्या जंगलतोडीच्या निषेधार्थ पाहुण्यांना दार बंद केले. पाहुणे बंद म्हणजे तिकिटाचा पैसा बंद. आतली धुणी, फळे, औषधे, मोजणी यांतले काहीही बंद ठेवता येत नव्हते.

हे सारे मी एकदा वर्गात सांगितले, आणि मास्तरकीची खोड म्हणून शेवटी गणित घातले. पिल्लू दोन वर्षांचे, सांभाळणारा पंचवीस वर्षांचा. चिंपांझी आश्रयस्थानात पन्नास वर्षेही जगू शकतो. पिल्लू पन्नास वर्षांचे होईल तेव्हा सांभाळणाऱ्याचे वय किती?

‘‘त्र्याहत्तर,’’ वर्ग ओरडला.

सदऱ्यात पिल्लू घेऊन आलेला मुलगा उभा राहिला. ‘‘त्र्याहत्तर वर्साचा बुढा बादल्या कसा उचलंल जी?’’

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘‘त्याची नात उचलंल.’’

तो तिच्याकडे वळला. ‘‘आन् तिले वांदरंच आवडत नसतील तं?’’