आठवी ‘ड’च्या बाई

आमच्या पिढीतल्या माणसाला शाळा विचारली, की शाळेच्या नावाला जोडूनच तो तुकडी सांगतो. निदान ‘अ’वाले तरी सांगतात. ‘ड’वाले विषय बदलतात. मीही पुष्कळ वर्षं बदलत आलो.

सत्तरच्या दशकात नाशिकच्या ज्या शाळेत मी होतो (तिचं नाव घेत नाही, कारण तेव्हा बहुतेक शाळांत हेच चाले), तिथे सातवीच्या वार्षिक परीक्षेचे गुण उतरत्या क्रमाने लावत आणि त्यावरून आठवीच्या तुकड्या पाडत. वरचे ‘अ’त, मग ‘ब’, ‘क’, आणि उरलेले आम्ही. जूनच्या पहिल्या दिवशी पटांगणात याद्या वाचल्या जात. ज्याचं नाव तीन याद्यांत आलं नाही, त्याला चौथी ऐकायची गरज नसे. तो आपण होऊन नळाशेजारच्या खोलीकडे चालू लागे. प्रयोगशाळेचा तास ‘अ’ला दर आठवड्याला, आमचा आला तर आला. स्कॉलरशिपचे जादा तास तर ‘अ’च्याच वर्गात होत. कबड्डीचा संघ मात्र सगळा आमचा असे. ते सोडून आम्ही कशात आहोत, असं कोणाला वाटत नव्हतं आणि दिवाळीपर्यंत आम्हालाही वाटेनासं झालं. गृहपाठ न केल्याबद्दल ‘अ’मध्ये छडी मिळे. आमच्याकडे कोणी वह्याच मागत नसे. सुरुवातीला आम्हाला ही चैन वाटली.

शिक्षकांचीही वाटणी अशीच. गणिताचे जुने, नावाजलेले सर ‘अ’ला, नवीन लागलेली, अजून कायम न झालेली शिक्षिका ‘ड’ला. जिथे सर्वांत कसलेला शिक्षक हवा तिथे सर्वांत नवखा पाठवायचा, हा हिशेब मला आजही कळत नाही. त्याच हिशेबाने बाई आमच्याकडे आल्या. शिक्षकांच्या खोलीत त्यांनाही ‘ड’च्या बाई म्हणत, हे शिपाईमामांकडून आम्हाला कळलं होतं.

आमचा भाजीचा धंदा. दर बुधवारी गंगेवरच्या बाजारात वडील पाल टाकून बसत आणि शाळा सुटली की मी दप्तरासकट तिथेच जाई. (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो.) एका बुधवारी बाई पिशवी घेऊन समोर उभ्या. मी मान खाली घातली. त्यांनी पाऊण किलो वांगी आणि दीड पाव कांदे मागितले. वांगी एक रुपया साठ पैसे किलो, कांदे ऐंशी पैसे. मी तागडी खाली ठेवायच्या आत म्हणालो, “दीड रुपया झाला, बाई.”

“कसा?”

“वांग्यांचा एक वीस, कांद्यांचे तीस.”

बाईंनी पैसे दिले, आणखी काही बोलल्या नाहीत. आजोबांकडून मला पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी सगळ्या पाठ होत्या. पण त्यांना गणित म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या घरी त्यांना हिशेब म्हणत.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला फळ्यापाशी बोलावलं आणि तीन छेद चार अधिक तीन छेद आठ अशी बेरीज घातली. मी वरच्यात वरचे मिळवले, खालच्यात खालचे, आणि सहा छेद बारा लिहून मोकळा झालो. वर्ग गप्प होता, कारण बाकीच्यांनीही तेच लिहिलं असतं. बाईंनी चूक म्हटलं नाही.

“सहा छेद बारा म्हणजे किती?”

“अर्धा.”

“अर्धा किलो का?”

“हो.”

“काल मी पाऊण किलो वांगी घेतली, वर दीड पाव कांदे. घरी जाऊन पिशवी तोलली तर अर्धा किलो भरेल? उरलेलं तू काढून घेतलंस की काय?”

वर्ग हसला, मीही हसलो. पाऊण किलो म्हणजे तीन पाव, त्यात दीड मिळवला की साडेचार पाव, म्हणजे किलोला वर अर्धा पाव. हे मी तोंडाने सांगितलं. “आता अर्ध्या पावाचे तुकडे कर आणि मोज,” बाई म्हणाल्या. नऊ झाले. किलोत असे आठ मावतात. फळ्यावरचा छेद आठ का करायचा, हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. पुढचा महिनाभर आमचं गणित बाजारात चाललं. एकाचे वडील शिंपी होते, त्याची गणितं गज-वारात; एक जण सकाळी दूध घालायचा, त्याची मापात.

खरं ऋण मात्र सहामाहीच्या प्रगतिपुस्तकाचं आहे. त्यातला शेऱ्याचा रकाना बोटभर रुंदीचा. तिथे ‘साधारण’, ‘सुधारणा हवी’, ‘लक्ष देत नाही’ एवढंच बसे, आणि आमच्या तुकडीला या तिघांपैकी एक ठरलेला असे. बाईंनी माझ्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘अपूर्णांक तोंडी उत्तम. छेद वेगळे आले तर मांडणीत अडखळतो. ऋण संख्या अजून कळलेल्या नाहीत.’ रकाना पुरला नाही म्हणून शेवटचे शब्द समासात गेले होते. वडिलांना वाचता येत नव्हतं. शेजारच्या काकांनी वाचून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, “म्हंजी एवढंच राह्यलंय?” आपलं पोरगं मुळातच कच्चं आहे, अशी तोवर त्यांची समजूत करून दिलेली होती. आता नेमकं काय यायचं राहिलं आहे, याची यादी त्यांच्या हातात आली, आणि ती तीन ओळींची होती.

दहावीला मी पहिल्या फटक्यात सुटलो, गुण सांगण्यासारखे नव्हते. सातपूरला आयटीआय केलं, टर्नर झालो, तिथल्याच एका कारखान्यात लागलो. बाई अधूनमधून भेटत. 1989 मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आपल्या नाशिकलाच स्थापन झालं. राम ताकवले पहिले कुलगुरू. बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून पदवीला जाता येईल, ही बातमी बाईंनी कात्रण काढून ठेवली होती. “इथे आधीची तुकडी विचारत नाहीत,” एवढंच म्हणाल्या. पाळी सांभाळून मी बी.ए. झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्या विद्यापीठाचं ब्रीद. गंगेवरच्या बाजारातून तिथे गेलेल्या माणसाला ते भलतं जवळचं वाटतं.

वाचायची सवय त्या निमित्ताने लागली. बाईंनी जे केलं त्याला पुस्तकांत आधार आहे, हे मला फार उशिरा समजलं. 1968 मध्ये रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेचा प्रयोग प्रसिद्ध केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही मुलं निवडून शिक्षकांना सांगितलं, की ही यंदा झपाट्याने पुढे येतील. वर्षअखेरीस, विशेषतः खालच्या इयत्तांत, ती खरंच पुढे गेलेली दिसली. या प्रयोगावर पुढे पुष्कळ वाद झाले, तेव्हा त्यावर मी फार भार टाकत नाही. मला जास्त पटतो तो ब्राझीलमधल्या रेसिफे शहराचा 1985 चा अभ्यास. रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या पाच मुलांनी गाड्यावर केलेले हिशेब 98 टक्के बरोबर निघाले. तीच आकडेमोड कागदावर नुसती आकड्यांत दिली, तर 37 टक्के. मुलं मोजकीच, पण ती मला ओळखीची वाटली.

आता तुकड्या गुणांवर पाडणं बऱ्याच शाळांनी सोडलं आहे, पण वर्गवारीची हौस गेलेली नाही. 2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला. पायाभूत चाचण्या घेऊन मागे राहिलेली मुलं शोधायची, हा हेतू चांगलाच होता. परंतु शाळा शंभर टक्के ‘प्रगत’ झाल्याच्या पाट्या लागल्या, तसा वर्गात ‘अप्रगत’ हा शब्दही रुळला. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं ‘नापास’ काढून ‘कौशल्य विकासासाठी पात्र’ असाही शेरा मध्यंतरी आला. शब्द गोड झाला. मुलगा कुठे अडला हे त्यातूनही कळत नाही, आणि कौशल्य शिकायला नापास व्हावं लागतं, असा त्याचा अर्थ होतो. मी आयुष्यभर लेथ चालवला आहे, म्हणून मला हे लागतं.

सगळेच शिक्के वाईट, असंही मी म्हणणार नाही. माझ्या नातवाला वाचनात अडचण होती. तपासणी करून दाखला घ्यायला माझा मुलगा तयार होईना. पोराला कायमचं नाव पडेल म्हणायचा. तपासणीत बिने-कामत चाचणी होती. पॅरिसच्या आल्फ्रेद बिने यांनी 1905 मध्ये मूळ चाचणी केली, ती कोणत्या मुलाला जादा मदत लागेल हे ओळखण्यासाठी. पुढे जगाने तिचा उपयोग माणसं वरखाली लावायला केला. दाखल्यामुळे नातवाला परीक्षेत जादा वेळ मिळाला आणि घरात त्याला आळशी म्हणणं बंद झालं. त्या कागदात आणि पटांगणातल्या यादीत मला दिसलेला फरक इतकाच, की कागदाखाली पुढे काय करायचं ते लिहिलेलं होतं.

बाई निवृत्त होऊन जमाना झाला. दसऱ्याला सोनं द्यायला जातो तेव्हा त्या आमच्या तुकडीतल्या एकेकाची चौकशी करतात, आणि कोणाला काय येत नव्हतं ते त्यांना अजून पाठ आहे. हे वाचणाऱ्यांत जे शिक्षक असतील त्यांना माझी एक विनंती आहे. यंदाच्या प्रगतिपुस्तकात ‘सुधारणा हवी’ लिहू नका. कशात हवी ते लिहा. रकाना पुरला नाही, तर समासात लिहा.