किल्लीवाचून

माझ्या आईच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. वाईच्या आमच्या घरात कोठीची, फडताळाची, देवघरातल्या पेटीची आणि परसदाराची अशा सगळ्या किल्ल्या त्या एका जुडग्यात होत्या. आणि त्यांच्या किणकिणाटावरून आई या घटकेला घरात कोठे आहे, हे आम्हां भावंडांना डोळे मिटूनही सांगता येई. वडील गेले, पुढे घरही विकले गेले, आणि आई दिल्लीला माझ्याकडे राहावयास आली. येथे खोल्या दोन आणि दाराला कुलूप एक. जुडग्याला कामच उरले नाही. परंतु हाताची सवय अशी सुटत नाही. तिने आपल्या लग्नातल्या पत्र्याच्या ट्रंकेला कुलूप लावले, मग कपाटाला, मग डाळ-तांदळाच्या कप्प्याला. आणि दोन वर्षांपूर्वीपासून किल्ल्या हरवू लागल्या.

हरवू लागल्या म्हणजे आईच त्या कोठे तरी ठेवी आणि ठेवल्याचे विसरे. डॉक्टरांनी तपासले, औषध दिले आणि तिच्याशी वाद घालू नका असे आम्हाला बजावले. पहिल्या वेळी मी कोपऱ्यावरच्या चाबीवाल्याला बोलावून आणले. त्याने कोरी किल्ली भोकात घालून हलकेच पिळली, बाहेर काढून उजेडात धरली, तिच्यावर उमटलेल्या बारीक खुणा पाहून कानस चालवली, पुन्हा घातली. असे करीत वीस मिनिटांत नवी किल्ली तयार केली. ते पाहणे हा एक आनंदच होता. दुसऱ्या वेळी मात्र तो घाईत होता. त्याने खिशातून एक वाकवलेली तार काढली आणि अर्ध्या मिनिटात ट्रंक उघडून दिली. आई दारात उभी होती. ती एवढेच म्हणाली, "म्हणजे हे कुलूप कधी कुलूप नव्हतंच की गं." त्या रात्री तिने ट्रंक ओढून खाटेला लावून घेतली आणि तिच्यावर हात ठेवून ती पडून राहिली.

परक्या हाताने उघडण्यापेक्षा आपल्याच हाताने उघडता आले तर? हा विचार मला तेव्हा आला. मी भाषांतराचे आणि संपादनाचे काम करणारी, बी. ए. झालेली बाई, शिवणयंत्रापलीकडे कोणत्याही यंत्राशी माझा परिचय नाही. तरी मी ही विद्या शिकावयाचे ठरवले.

येथे काही वाचकांच्या भुवया वर गेल्या असतील. ही तर चोरांची विद्या! पण किल्लीवाचून कुलूप उघडणे हा जगात पुष्कळांचा निर्मळ छंद आहे. जर्मनीत १९९७ मध्ये अशा छंदिष्टांची रीतसर संस्था स्थापन झाली, नेदरलँड्समध्येही आहे; शब्दकोडे सोडवावे तसे हे लोक कुलूप सोडवतात आणि त्याच्या शर्यती लावतात. त्यांचे दोन नियम सर्वत्र मानले जातात. कुलूप आपले स्वतःचे असावे, नाही तर मालकाची संमती असावी. आणि जे कुलूप वापरात आहे त्यावर सराव करू नये. दुसऱ्या नियमाचे कारण अगदी व्यावहारिक आहे. नवख्या हाताने कुलपाच्या पोटातले काही बिघडले की सारे घर जिन्यात बसून राहते. कायद्याचेही भान हवे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात (१९५१) सूर्यास्तानंतर घरफोडीची हत्यारे सबळ कारणावाचून जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. मला हा धडा भर दिवसा मिळाला. मेट्रोच्या तपासणीत माझ्या पिशवीतल्या बारीक आकड्या सापडल्या. मी खरे कारण सांगितले, आणि अर्थातच कोणाला ते पटले नाही. तशीच घरी परतले, हत्यारे ठेवली आणि कार्यालयात तासभर उशिरा पोहोचले. तेव्हापासून ती घराबाहेर जात नाहीत.

इंग्रजी पुस्तिकांतून शिकताना मी या वस्तूंना माझ्यापुरती मराठी नावे दिली. धंदाच असा की नाव सापडल्याखेरीज वस्तू हाती आल्यासारखी वाटत नाही. कुलपातल्या खुंट्या उचलते ती 'आकडी', आणि गाभ्याला वळण्याचा हलका रेटा देते ती 'ताणपट्टी'. हत्यारे घेण्यात मी पहिली चूक केली ती सर्वच नवखे करतात: चोवीस नगांचा, चामडी पाकिटातला स्वस्त संच मागवला. त्यांतले वीस नग आजतागायत कोरे आहेत. उरलेल्यांपैकी एक आकडी पहिल्याच आठवड्यात वाकली, आणि बाकीच्यांच्या कडा इतक्या खरखरीत की त्या आत अडकून बसत. वास्तविक आरंभाला लागते फार थोडे. एक आखूड टोकाची आकडी, एक किंचित उंच टोकाची, आणि वेगवेगळ्या रुंदीच्या दोन-तीन ताणपट्ट्या. पोलाद स्प्रिंगचे असावे, जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्याहून फार जाड असेल तर अरुंद भोकात आकडी वळत नाही, आणि फार पातळ असेल तर ती खुंटीऐवजी स्वतःच वाकते. कडा बारीक पॉलिश-कागदाने घासून गुळगुळीत कराव्यात. माझी सर्वांत आवडती ताणपट्टी विकतची नाहीच. मोटारीच्या काचेवरचे पाणी पुसणाऱ्या वायपरच्या रबरात एक पोलादी पट्टी असते; आमच्या यजमानांनी जुना वायपर टाकून दिला, त्यातून ती निघाली.

सरावासाठी पारदर्शक कुलूपही मिळते. ते दोन दिवस पाहावे, आणि मग त्यावर फडके गुंडाळावे. कारण डोळे शिकतात ते बोटांच्या कामी येत नाही. शिकावयाचे असते ते असे. आपल्या दाराच्या नेहमीच्या कुलपात एक फिरता गाभा असतो. खुंट्यांच्या लहान लहान जोड्या वरून स्प्रिंगने दाबलेल्या असतात आणि त्या गाभ्याला अडवतात. योग्य किल्ली घातली की प्रत्येक जोडीमधली फट गाभ्याच्या कडेशी येते आणि गाभा वळतो. लायनस येल (धाकटे) यांनी १८६० च्या दशकात या रचनेला आजचे रूप दिले; कल्पना मात्र प्राचीन मिसरमधल्या लाकडी कुलपांइतकी जुनी आहे. आता मौज अशी की कोणत्याही कारखान्यात सगळी भोके अगदी एका रेषेत पाडता येत नाहीत. गाभ्याला हलका ताण दिला की सगळ्या खुंट्या एकदम अडकत नाहीत, कोणती तरी एक आधी अडकते. ती शोधून उचलावयाची. फट जागेवर आली की गाभा केसभर सरकतो, बोटाला एक सूक्ष्म 'टिक' जाणवते, आणि अडकण्याची पाळी दुसरीवर येते. सारी कला ताण हलका ठेवण्यात आहे, आणि माझा तो कधीच हलका राहत नसे. तीन आठवडे मी दोन खुंट्यांच्या कुलपापुढे गेले नाही. एके रात्री चार खुंट्यांचे कुलूप हातात असताना कार्यालयातल्या एका हट्टी वाक्याचा विचार चालला होता. मन तिकडे गेल्याने हात सैल पडला, आणि गाभा आपोआप वळला. वाक्य मात्र सुटले नाही.

एवढा आत्मविश्वास घेऊन मी ट्रंकेकडे वळले आणि पाहते तो काय, आईचे कुलूप त्या जातीचेच नव्हते! आपल्याकडची जड कुलपे, अलीगढची काय किंवा तमिळनाडूतल्या दिंडिगलची काय (दिंडिगलच्या कुलपांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले), बहुतेक पट्ट्यांची असतात. आत पातळ पट्ट्यांची चवड, प्रत्येकीत एक खाच. किल्लीचा प्रत्येक दात आपापली पट्टी नेमक्या उंचीवर उचलतो, खाचा एका ओळीत येतात आणि दांडा सरकतो. येथे माझ्या आकड्या निरुपयोगी. येथे काटकोनात वाकवलेल्या दोन तारा लागतात, एक दांड्याला रेटणारी, दुसरी पट्ट्या उचलणारी. चाबीवाल्याच्या खिशातल्या त्या तारेचा अर्थ मला तेव्हा कळला. मी त्याच्याकडूनच दोन जुनी कुलपे विकत घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला.

या पट्ट्यांच्या कुलपाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. इंग्लंडमध्ये जेरेमाया चब यांनी १८१८ मध्ये असे कुलूप केले की कोणी पट्टी जरुरीपेक्षा जास्त उचलली तर ते जाम होई, आणि मालकाला कळे की कोणी तरी हात लावला होता. ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकीत तर जगाला आव्हान देणारे एक निराळ्या रचनेचे कुलूप मांडलेले होते. उघडणाऱ्याला दोनशे गिनींचे बक्षीस. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनास आलेल्या हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने चबचे कुलूप पंचवीस मिनिटांत उघडले, आणि ब्रामाचे सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तासांत. गहजब झाला. असले ज्ञान चारचौघांत सांगावे काय, असा वाद माजला. तेव्हा हॉब्जच्या बाजूचे म्हणणे असे होते की, चोरांना ते आधीपासूनच ठाऊक असते. अंधारात राहतो तो बिचारा कुलपाचा मालक. मला ते पटते. आईला ते कसे पटवावे, हे मात्र सुचत नव्हते.

गेल्या नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आईला आपल्या पाटल्या हव्या झाल्या. किल्ली मिळेना. दुपारपर्यंत तिची खात्री झाली की आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंनी किल्ली नेली आणि पाटल्याही नेल्या. ती त्यांना तोंडावर तसे बोलली. सहा वर्षे आमचे घर सांभाळणाऱ्या त्या बाई काही न बोलता भांडी तशीच ठेवून निघून गेल्या.

त्या रात्री आई झोपल्यावर मी तारा घेऊन ट्रंकेपाशी बसले. उघडून पाहावे, पाटल्या असतील तर पुन्हा लावून टाकावे. कुलूप मागे खूण ठेवणारे नव्हते. आणि तरीही माझा हात पुढे होईना. कुलूप माझे नव्हते, ते वापरात होते, आणि मालकीण दोन हातांवर निजलेली होती. सराव करताना पाळलेला नियम येथे मोडला असता तर मी आणि आई जिला चोर म्हणाली ती, यांत खरी चोर कोण, हे मला सांगता आले नसते. मी तशीच उठले.

सकाळी मी आईला विचारले, "आई, तुझी ट्रंक मी उघडू का? किल्लीवाचून."

ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. "तुला येतं?"

"शिकलेय."

"माझ्यासमोर उघड," ती म्हणाली, आणि विजेरी घेऊन खाटेवर बसली.

चाळीस मिनिटे लागली. तिसरी पट्टी दोनदा निसटली, यजमान चहा ठेवून निघून गेले, आईने विजेरी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तेवढ्यात दांडा सरकला. पाटल्या एका जुन्या चोळीत गुंडाळलेल्या होत्या. त्यांच्याखाली वाईचा सगळा जुडगा होता, आणि जुडग्यात याच कुलपाची किल्ली. हे कुलूप नुसते दाबले की लागते. किल्ली आत ठेवून तिने ते दाबून टाकले होते.

मी त्याच दिवशी बाईंच्या घरी जाऊन क्षमा मागितली. दोन दिवसांनी त्या आल्या, पण आजींची खोली मी एकटी असताना झाडणार नाही, अशी अट घालून. ती अट आजही आहे आणि ती योग्यच आहे. आईला मी त्या प्रसंगाची आठवण दिली तेव्हा तिने मलाच विचारले, "मी कुणाला काय बोलले?"

पण हे नंतरचे. त्या सकाळी तिने पाटल्या हातात घातल्या आणि जुडगा मांडीवर घेऊन एकेक किल्ली ओळखू लागली. "ही कोठीची. ही परसदाराची, ही जरा उलटी फिरवावी लागते." एकही चुकली नाही. मग तिने सगळा जुडगा जेथल्या तेथे ठेवला, झाकण लावले, आणि मी काही बोलण्याच्या आत कुलूप दाबले.

आता दर दोन-तीन रविवारी ती मला हाक मारते: "अगं, किल्ली हरवली बघ माझी. तुझी ती तार आण." मी तारा आणते, ती विजेरी धरते. परवा नऊ मिनिटांत उघडले. मी घाम पुसून मोठ्या आशेने तिच्याकडे पाहिले.

"चाबीवाल्याला," आई म्हणाली, "अर्धं मिनिट लागलं होतं."