वाफेला वाट

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. यंत्रांशी आमचा संबंध ती सुरू करण्यापुरता आणि बिघडली की त्यांच्याकडे असहायपणे पाहण्यापुरता. अशा लेखकद्वयाने कपडे वाळवण्याच्या यंत्रावर लिहावे, हा प्रकार वाचकांना थोडा विपरीत वाटेल. परंतु गेल्या पावसाळ्यात या एका यंत्राने आम्हांला जे शिकवले, ते वीस-बावीस वर्षांच्या अध्यापनात शिकायचे राहून गेले होते. म्हणून हा प्रपंच.

आमचे घर काल्हेरला. ठाण्याहून बाळकुम नाका मागे टाकून कशेळीच्या पुलावरून खाडी ओलांडली की आधी कशेळी लागते आणि मग काल्हेर. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला गोदामांच्या रांगा, मधून भिवंडीकडे जाणारा जुना आग्रा रस्ता. येथील पावसाळी हवेविषयी कोकणपट्टीत राहणाऱ्यांना काही सांगायला नको. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत मीठ पाझरते, पापड सादळतात, काडेपेटी पेटत नाही आणि दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस 'आंबटओले' राहतात.

'आंबटओले' हा शब्द आमच्या आईंचा. आई म्हणजे आमच्यापैकी एकाची आई आणि दुसऱ्याची सासू. ओलेपणाच्या साऱ्या छटा त्यांच्या बोलण्यात असत. नुकते पिळलेले लुगडे ओले, पावसात भिजून आलेले पोर ओलेचिंब, भिंत दमट, अंथरूण सर्द, पापड सादळलेला आणि वाळत आलेला पण न वाळलेला कपडा आंबटओला. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर बहुतेक शब्दही गेले. उरलेले पाच-पंचवीस शब्द त्या फार जपून वापरतात.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरात चादरी रोज निघतात, कधी दिवसातून तीनदा. डॉक्टरांनी प्रारंभीच बजावले होते की, दर दोन तासांनी कूस बदलायची आणि अंगाखालचे कापड कोरडे ठेवायचे. ओल आणि दाब एकत्र आले की कातडी हुळहुळी होते, मग फाटते आणि एकदा पडलेली जखम महिनोन् महिने भरत नाही. पहिला पावसाळा इस्त्रीवर आणि शेजाऱ्यांच्या दोऱ्यांवर निभावला. दुसऱ्या पावसाळ्याआधी आम्ही ड्रायर घेतला.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे अर्धस्वयंचलित धुलाईयंत्राच्या दुसऱ्या टाकीला 'ड्रायर' म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः ती टाकी कपडे वाळवत नाही, गरगर फिरवून पिळते. आम्ही आणलेला ड्रायर खरोखरच वाळवणारा होता. पोटात दोन हजार वॅटचा हीटर, छिद्रांचे फिरते पिंप, मागे पंखा आणि ओली वाफ बाहेर नेणारी घडीची नळी. गॅलरीच्या कोपऱ्यात तो बसला आणि नळीचे तोंड गजांमधून बाहेर काढले गेले. पहिले महिनाभर सव्वा तासात चादरी खडखडीत वाळून निघत. आम्ही धन्य झालो.

जुलै उजाडला आणि यंत्र मंदावले. सव्वा तासाचे दीड, दोन आणि अखेर अडीच तास झाले. एवढ्यानंतरही चादरीच्या शिवणी ओलसर. एका संध्याकाळी आईंनी अंगाखालची चादर डाव्या हाताच्या बोटांनी चाचपली आणि एकच शब्द उच्चारला, "सादळलंय." पापडाचा शब्द त्यांनी चादरीला लावला. आम्ही समजूत घातली की, आत्ताच यंत्रातून काढली आहे, गरम आहे. गरम असणे आणि कोरडे असणे यांतला भेद आमच्या तेव्हा लक्षात आला नाही. दोन दिवसांनी आईंना सांभाळायला येणाऱ्या मावशींनी आम्हांला आत बोलावले आणि त्यांची पाठ दाखवली. माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग होता. "ताई, दादा, हे बरं नाही," एवढेच त्या म्हणाल्या.

त्या रात्री आम्ही झोपलो नाही. ग्रंथालयाची सवय असलेली माणसे संकटात वाचू लागतात. तसे आम्हीही वाचत बसलो. जॉर्ज टी. सॅम्पसन या कृष्णवर्णीय अमेरिकन संशोधकाला स्टोव्हच्या उष्णतेवर कपडे वाळवणाऱ्या चौकटीचे पेटंट मिळाले, ते ७ जून १८९२ रोजी. आपल्याकडे ७-८ जूनला मृग लागतो आणि कपडे वाळणे थांबते! पुढे १९३८मध्ये अमेरिकेत आलेल्या एका आद्य स्वयंचलित ड्रायरचे नावच 'जून डे' होते. त्यांचा जून लख्ख उन्हाचा, आमचा पागोळ्यांचा. हे वाचून करमणूक झाली, चादरी मात्र वाळल्या नाहीत.

मग एकेक संशयित तपासायला घेतला. पहिला संशय जाळीवर. ड्रायरच्या दाराशी तंतू अडवणारी जाळी असते. ती आम्ही दर वेळी झाडत होतो आणि ती स्वच्छ दिसत होती. पण नळाखाली धरली तेव्हा पाणी जाळीवर थांबून राहिले, आरपार गेलेच नाही. कपडे मऊ व्हावेत म्हणून घालायच्या द्रावाचा न दिसणारा थर तिच्यावर बसला होता. साबण आणि जुन्या दातघासणीने ती धुतली. वीस मिनिटांचा फरक पडला.

दुसरा संशय पिळण्यावर. आमचे धुलाईयंत्र मिनिटाला ८०० फेऱ्यांनी पिळत होते. इतके पिळूनही सुती कापडात त्याच्या वजनाच्या सुमारे दोन तृतीयांश पाणी उरते. बाराशे फेऱ्यांना ते निम्म्याच्या आसपास येते. पिळून काढलेले पाणी फार स्वस्तात जाते, तापवून काढलेले महागात. लिटरभर पाण्याची वाफ करायला पाऊण युनिटाच्या जवळपास वीज लागते. पिळण्याच्या फेऱ्या वाढवल्या. आणखी थोडा फरक पडला.

तिसरा संशय विजेच्या दाबावर. दुरुस्तीला आलेल्या एका गृहस्थांनी यंत्र न उघडताच हीटर बदलण्याचा सल्ला दिला होता आणि आम्ही पैसे काढूनही ठेवले होते. पण आधी इमारतीतल्या वायरमनकडून दाब मोजून घेतला. २३०च्या जागी २१० व्होल्ट भरला. हीटरची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. त्या हिशेबाने ती सुमारे सतरा टक्क्यांनी कमी पडत होती. त्यामुळे सव्वा तासाचे दीड तास होतील, अडीच होणार नाहीत. हीटर तर तापतच होता. म्हणजे गुन्हेगार दुसराच कोणी होता.

खरे तर त्याचा सुगावा मावशींना आधीच लागला होता. बैठकीत पंख्याखाली दोरी बांधून त्या आईंचे पंचे वाळत घालत. "तुमच्या मशीनच्या आधी माझे पंचे वाळतात," असे त्या एकदा हसत म्हणाल्याही होत्या. आम्ही ते विनोद म्हणून घेतले. त्या पंच्यांना उष्णता मुळीच नव्हती, वारा मात्र होता. हे ध्यानात यायला आम्हांला तळमजल्यावरच्या काकांची गरज लागली.

काकांची तीस वर्षे भिवंडीत सायझिंगमध्ये गेली. यंत्रमागावर चढण्यापूर्वी ताण्याचे सूत खळीच्या हौदातून काढतात आणि वाफेने तापवलेल्या मोठ्या सिलिंडरांवरून फिरवून वाळवतात. म्हणजे वाळवणे हाच काकांचा आयुष्यभराचा व्यवसाय होता आणि ते आमच्या खाली दोन मजल्यांवर राहत होते. आम्ही त्यांना दिवाळीत फराळ देत होतो, प्रश्न कधी विचारला नव्हता.

काका गॅलरीत आले. त्यांनी यंत्राला हात लावला नाही. काचेवरून ओघळणाऱ्या पाण्याकडे पाहिले आणि म्हणाले, "सर, गरमी आहे तुमची. वारा कुठं जातो ते बघा."

"नळी आहे ना काका, बाहेर काढलेली."

"कुठं बाहेर? आमच्याकडे सिलिंडरवर मोठा हूड असतो, पंखा असतो. तो पंखा बंद पडला की सिलिंडर कितीही तापवा, सूत ओलंच. वरून छतातनं पाणी टपकतं. मॅडम, वाफेला जायला वाट लागते."

आम्ही यंत्रामागे वाकून पाहिले. जूनच्या अखेरीस गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकांची धूळ आणि आवाज आईंना नको, म्हणून आम्ही गॅलरीला सरकत्या काचा बसवून घेतल्या होत्या. काम करणाऱ्याने काचेच्या आड येणारे नळीचे तोंड आत ओढून घेतले होते आणि आम्ही त्याला काही म्हटले नव्हते. उलट यंत्र भिंतीशी रेटताना नळी चेपली गेली होती. तिच्या दुमडीत तंतूंची बोटभर जाड गादी साठली होती. हे तंतू झटकन पेट घेतात आणि ड्रायरला लागणाऱ्या आगींमागे पुष्कळदा तेच असतात, हे नंतर वाचले तेव्हा अंगावर काटा आला.

हिशेब मग आम्हांलाही जमला. गॅलरी आठ फूट बाय चार फूट, उंची नऊ. म्हणजे सुमारे आठ घनमीटर हवा. ३० अंश तापमानाला एका घनमीटर हवेत ३० ग्रॅम वाफ मावते. म्हणजे साऱ्या गॅलरीत मिळून पाव लिटर, आणि पावसाळ्यात ती जागा आधीच नव्वद टक्के भरलेली. अशा कोंडलेल्या हवेत आम्ही दर वेळी चार किलो चादरींतले अडीच लिटर पाणी सोडत होतो. यंत्र तीच ओली हवा पुन्हा आत ओढून, पुन्हा तापवून, त्याच चादरींवरून फिरवत होते. जे पाणी हवेत मावत नव्हते, ते काचांवर, भिंतींवर आणि उघड्या दाराने आईंच्या खोलीत येत होते. कपाटातल्या जुन्या मासिकांच्या अंकांवर बुरशी का चढली, याचेही उत्तर मिळाले. आम्ही चादरींतले पाणी घालवत नव्हतोच, फक्त त्याची जागा बदलत होतो.

त्या क्षणी आम्हांला आईंची शेगडी आठवली. आमच्या घरातल्या बाळंतपणात, ऐन श्रावणात, त्यांनी निखाऱ्यांच्या शेगडीवर वेताची टोपली उपडी घालून तिच्यावर दुपटी वाळवली होती. टोपलीच का, असे आम्ही विचारले असता त्या म्हणाल्या होत्या, "भोकं नकोत का?" आणि त्या काळात त्या माजघराची खिडकी फटभर उघडी ठेवीत. आम्ही बाळाला वारा लागेल म्हणून ती लावायचो, त्या येऊन पुन्हा उघडायच्या. सॅम्पसनचे पेटंट आमच्या माजघरात होते आणि त्याचा खुलासाही त्याच वेळी झाला होता. आम्ही तो जुन्या माणसांचा हट्ट समजलो.

पुढचे काम तासाभराचे. नळी साफ करून सरळ केली, लांबी निम्म्यावर आणली, एका काचेच्या जागी पत्रा बसवून त्यातून तोंड बाहेर काढले. यंत्राला कोरडी नाही तरी निदान ताजी हवा मिळावी म्हणून समोरची काच चार बोटे उघडी ठेवली. चादरी पुन्हा सव्वा तासात वाळू लागल्या. डॉक्टरांनी सांगितलेला मलम, कुशीचे वेळापत्रक आणि कोरडे अंथरूण यांनी तो डाग पंधरा दिवसांत विरला. तो फाटला असता, तर हा लेख लिहिण्याचे धैर्य आम्हांला झाले नसते.

आणखी एक सांगायला हवे. काच उघडी राहिल्याने रस्त्याचा आवाज पुन्हा घरात येऊ लागला. आईंना त्रास होईल म्हणून आम्ही त्यांचा पलंग आतल्या भिंतीशी सरकवू लागलो, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने कठडा घट्ट धरला आणि मान हलवली. धूळ आणि आवाज त्यांना नको, हे आमचे आम्हीच ठरवले होते. त्यांना विचारले नव्हते. आता पलंग गॅलरीच्या दाराशी आहे. त्या दिवसभर ट्रक पाहतात, भाजीवाल्याची हाळी ऐकतात. काकाही संध्याकाळी येऊन बसतात.

जाळी आम्ही दर वेळी झाडतो, महिन्यातून एकदा साबणाने धुतो, नळी दोन महिन्यांनी उघडून पाहतो. पण चादर वाळली की नाही, हे आम्ही यंत्राच्या दिव्यावरून ठरवत नाही. घडी घालण्यापूर्वी ती आईंच्या डाव्या हाताशी नेतो. त्या बोटांनी शिवण चाचपतात आणि निकाल देतात. परवा म्हणाल्या, "वाळली." बुरशी आलेले अंक मात्र ऑक्टोबरच्या उन्हासाठी अजून गच्चीच्या जिन्यात थांबले आहेत.